निळा पाईप, काळा पाईप आणि वाटेत वाळणारा ऊस



गळीत हंगाम तोंडावर आला की गाडीमालक सभासदांच्या बैठका सुरू होतात. टायर, ट्रॉलीचे पाटे, ॲडव्हान्स, टोळी, मुकादम हे नेहमीचेच विषय. यंदा त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये जे काळे रबरी पाईप असतात, ज्यांना आपण होस पाईप म्हणतो, ते काढून सगळ्या गाड्यांना निळे सिलिकॉनचे पाईप बसवावेत. कारखान्याच्या स्टोअरने ते एकगठ्ठा खरेदी करून उधारीवर द्यावेत आणि वाहतुकीच्या बिलातून हप्त्याने कापून घ्यावेत, अशी मागणी काही मंडळी करीत आहेत. मागणीमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ती ज्या स्वरूपात मांडली जाते त्या स्वरूपात आम्हाला ती मान्य नाही. का मान्य नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही स्वतः दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर वाहतुकीला लावतो, तेव्हा हे ऐकीव नव्हे. तीन हंगामांमागची गोष्ट. फेब्रुवारीचा महिना, रात्रीचे अकरा वाजलेले, दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरलेल्या. ओढ्याचा पूल ओलांडून चढ लागला आणि निम्म्यावर फट्ट करून आवाज झाला. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. ड्रायव्हर पोरगा तरणा. त्याला वाटले, तेवढा चढ काढू आणि मग थांबू. त्या तेवढ्या चढात व्हायचे ते झाले. वरचा होस पाईप क्लिपच्या शेजारी बोटभर फाटला होता आणि इंजिनात पाण्याचा थेंब राहिला नव्हता. हेड गॅस्केट गेले. पाईप शे-दोनशेंचा, बिल हजारांत.

पण आमच्या बिलाचे आम्ही सांगत नाही. त्या ट्रॉल्यांत ऊस होता तो एका सव्वा एकरवाल्या सभासदाचा. म्हातारबा रात्रभर गाडीशेजारी बसून राहिले. सकाळी पाईप आणायला गेलेला माणूस मापाचा पाईप मिळेना म्हणून दुपारी परत आला. मग दुसरा ट्रॅक्टर बघितला, तो आपली खेप टाकून संध्याकाळी आला. काट्यावर गाडी लागली तेव्हा तोडून दीड दिवस उलटून गेला होता. म्हातारबांनी आम्हाला उणादुणा शब्द बोलून दाखवला नाही. एवढेच विचारले, "आता वजन किती बसंल वो?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा दिले नाही आणि आजही देता येत नाही. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे शेतकी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. तोडल्यापासून कांड्यातले पाणी उडू लागते, वजन घटते. त्याहून वाईट म्हणजे आतल्या साखरेचे विघटन सुरू होते; जी साखर पोत्यात पडायची ती मळीत जाते. घटलेले वजन एकट्या उसवाल्याच्या माथी बसते, आणि घटलेला उतारा आपणा सर्वांच्या. कारण एफआरपी ठरते ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एका खेपेने सरासरी हलत नाही, हे खरे. पण हंगामात रात्री काट्यापासून घरापर्यंत जाताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या किती गाड्या दिसतात, ते ज्याने त्याने मोजावे. गाडीमालकाचे नुकसान गॅरेजच्या बिलावर लिहिलेले असते. उसवाल्याचे नुकसान कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणून पाईपचा प्रश्न हा केवळ गाडीवाल्यांचा घरगुती प्रश्न आहे, असे आम्ही मानत नाही.

आता निळ्या पाईपाकडे वळू. त्या रात्रीनंतर आम्हीही चिडीला पेटलो होतो. तालुक्याच्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री म्हणाला, "आवो, निळा टाका. जल्माची काळजी मिटली!" टाकला. वरचा, खालचा, मधला बारका, सगळेच निळे. बॉनेट उघडले की नव्या नवरीसारखे इंजिन दिसायचे. पंधरा दिवसांत पहाटेच्या गारठ्यात क्लिपपाशी पाणी ठिबकू लागले. इंजिन तापले की बंद, गार झाले की पुन्हा ठिबक. पुढे आणखी गंमत झाली. गॅरेजमधल्या पोराने उरलेला बारका निळा तुकडा वाया का घालवा म्हणून डिझेलच्या परतीच्या नळीला लावून दिला होता. महिन्याभरात तो फुगून लोण्यासारखा मऊ झाला आणि डिझेल गळू लागले. पैसे देऊन आम्ही पुन्हा शहाणे झालो. त्या शहाणपणाचा उपयोग इतरांना फुकटात व्हावा, म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो.

रेडिएटरचा चांगला काळा पाईप हा आपल्या सायकलच्या ट्यूबसारख्या साध्या रबराचा नसतो. तो ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा असतो आणि त्याच्या पोटात दोऱ्याचे विणकाम असते. सव्वाशे अंशांपर्यंतची उष्णता तो नेमाने सोसतो. सिलिकॉनचे रबर जातीनेच वेगळे. साध्या रबराचा कणा कार्बनचा, याचा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा. त्यामुळे ते उन्हाने तडकत नाही, हवेने कडक होत नाही आणि पावणेदोनशे अंशांपर्यंत बिनतक्रार काम देते. थंडीतही मऊ राहते. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा त्याच्या बुटांचे तळ सिलिकॉन रबराचे होते. तेव्हा माल खोटा नाही. जे म्हणतात की हे सगळे शहरातले फॅड आहे, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

पण आपल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरात उष्णता असते तरी किती? उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. आमच्या रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा आहे. म्हणजे आतला दाब तेवढा वाढेपर्यंत ते झाकण धरून ठेवते, आणि त्या दाबाखाली पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. इंजिन धडपणे चालत असताना पाणी याच्याही बरेच खाली असते. मग सव्वाशे सोसणारा काळा पाईप फुटतो का? घोडे पेंड खाते ते इथेच.

काळा पाईप बहुतेक वेळा उष्णतेने मरत नाही, आतून कुजून मरतो. रबर काळे असते ते त्यातल्या काजळीमुळे, आणि काजळीतून वीज थोडीफार वाहते. आपण रेडिएटरात ओततो बोअरचे नाहीतर कॅनॉलचे क्षाराचे पाणी. एका टोकाला लोखंडाचे इंजिन, दुसऱ्या टोकाला पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा रेडिएटर, मध्ये खारे पाणी. म्हणजे बॅटरीच झाली की! अगदी बारीक प्रवाह सुरू होतो आणि पाईपाच्या आतल्या अंगाला, टोकाजवळ, उभ्या बारीक चिरा पडत जातात. बाहेरून पाईप नवा दिसतो. आतल्या दोऱ्यापर्यंत पाणी पोचले की दोरा कुजतो आणि एका रात्री चढावर फट्ट. आमचा पाईप असाच क्लिपपासून दोन बोटांवर फाटला होता, तो योगायोग नव्हता.

याची परीक्षा सोपी आहे, पैसा लागत नाही. इंजिन पूर्ण गार असताना क्लिपच्या जवळ अंगठा आणि बोट यांच्यात पाईप दाबावा, मग मध्यावर दाबून बघावा. टोकाशी जास्त मऊ लागला, आत खाच असल्यासारखे वाटले, तर तो पाईप गेला. दाबल्यावर करकरला तर कडक होऊन गेला. फुगीर आणि चिकट लागला तर त्याला बाहेरून तेल लागले आहे. शिवाय वरचा-खालचा पाईप सगळे बघतात, पण काही इंजिनांना थर्मोस्टॅटच्या घरापासून पाण्याच्या पंपाकडे जाणारा बारका आखूड पाईप असतो, तो कुणी बघत नाही. तो आडोशाला असतो. आणि आडोशाचाच दगा देतो.

सिलिकॉनला ही विजेची कीड लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचे अवगुण दुकानदार सांगत नाही, ते असे की हा पाईप मऊ असतो. आपली नेहमीची चिरांची पट्टीक्लिप आवळली की त्या चिरांतून सिलिकॉन वर येते आणि कापले जाते. त्याला आतून सपाट पट्टी असलेली, नाहीतर स्प्रिंगने आपोआप घट्ट राहणारी क्लिप लागते. कापडाचे तीन-चार पदर असल्याने तो जाडही असतो, जुन्या मापाची क्लिप पुरत नाही. आमची पहाटेची ठिबक होती ती यामुळे. कुठे पत्र्याला किंवा फॅनच्या जाळीला घासला तर काळ्यापेक्षा लवकर झिजतो, आणि एकदा चीर पडली की ती पळत जाते. खालच्या पाईपाचे आणखी एक. पंप पाणी ओढतो तेव्हा तो पाईप चपटा होऊ नये म्हणून पुष्कळ गाड्यांत आत तारेचे स्प्रिंग असते. जुना पाईप काढताना ते स्प्रिंग त्याच्याबरोबर भंगारात जाते, नवा मऊ पाईप भरधाव इंजिनात आत ओढला जातो आणि पाणी फिरायचे थांबते. मग मालक म्हणतो, पाईप नवा टाकला तरी गाडी गरम का होते!

आणि डिझेल, इंजिन ऑइल, पेट्रोल यांच्याशी साध्या सिलिकॉनचे हाडवैर आहे. डिझेलला डिझेलचाच पाईप पाहिजे, तो नायट्राइल नावाच्या वेगळ्या रबराचा येतो. ही एक गोष्ट तरी प्रत्येकाने आपल्या ड्रायव्हरच्या कानावर घालावी. गळणारे डिझेल आणि तापलेला सायलेन्सर एका बॉनेटखाली असतात, आणि मागे वाळलेले पाचट असते.

मग सिलिकॉन लावावे तरी कुठे? आमच्या मते त्याची खरी जागा टर्बोच्या गाडीत आहे. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती हवा अतिशय तापते. भरलेल्या मालट्रकच्या इंजिनात ती दीडशे अंशांच्या पुढे जाऊ शकते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा तो पाईप काळ्या रबराचा टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. तिथे सिलिकॉनच हवे, आणि तेही आतून तेल सोसणारे अस्तर असलेले, कारण टर्बोमधून तेलाचे तुषार येतच असतात. अशा अस्तराला फ्लोरोसिलिकॉन म्हणतात; दुकानात नाव घेऊन मागावे. १ एप्रिल २०२० पासून विकले गेलेले ट्रक बीएस-६ चे आहेत आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे नियम लागू झाले आहेत. टर्बोच्या गाड्या आपल्या काट्यावर दरवर्षी वाढत जाणार. त्यांच्या मालकांनी या एका पाईपाला काटकसर करू नये. जे ट्रक वर्षभर, हंगाम सोडूनही रोज पळतात, त्यांनी पाण्याचे पाईपही सिलिकॉनचे केले तर पैसे वसूल होतात. पण ज्या ट्रॅक्टरला टर्बो नाही, जो पाच महिने ऊस ओढतो आणि उरलेले महिने नांगरट नाहीतर झाडाखाली सावली, त्याला कित्येक पटीने महाग पाईप घालणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. त्याला चांगला काळा पाईप चार हंगामांनी, दिसायला कितीही बरा असला तरी, बदलावा. एवढे केले की झाले.

निळ्या रंगालाही भुलू नये. रंग म्हणजे सिलिकॉन नव्हे. वरून निळा आणि आतून साधे रबर असलाही माल बाजारात आहे. पाईपाची एक चकती कापून चिमट्यात धरून जाळावी. काळा धूर निघून काजळी राहिली तर ते रबर. सिलिकॉन जळाले की मागे पांढरी राख उरते. दुकानदार जाळू देत नसेल तर त्याच्याकडून घेऊच नये.

मुख्य गोष्ट अजून राहिलीच. पाईप कुठलाही घाला, त्याने इंजिन गार होत नाही. पाईप फक्त पाणी नेतो-आणतो. गार करतो तो रेडिएटर, आणि उसाच्या फडातून फिरणाऱ्या गाडीचा रेडिएटर डिसेंबर संपेपर्यंत पाचटाच्या भुश्याने आणि धुळीने लिंपलेला असतो. पुढून पाण्याचा फवारा मारला की ती घाण आणखी आत बसते. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावी. झाकणाचे रबर गेले की ११८ चे पुन्हा १०० होतात आणि पाणी उकळून बाहेर पडते. ते झाकण स्वस्त आहे, पण ते बदलायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुष्कळ मिस्त्री गाडी गरम होते म्हटले की थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. हे रोग झाकणे झाले. आणि कूलंट! निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, एवढे दोन-तीन वर्षांतून एकदा घातले तर क्षार बसत नाहीत, ती विजेची कीड पुष्कळ कमी होते, आणि काळाच पाईप जास्त टिकतो. निळ्या पाईपच्या निम्म्या पैशात हे होते. पण कूलंट दिसत नाही आणि निळा पाईप दिसतो, त्याला काय करणार? (आमचेही त्या वेळी तेच झाले होते, तेव्हा कुणी राग मानू नये.)

आता मागणीकडे येतो. स्टोअरने सगळ्यांना सरसकट निळे संच उधारीवर द्यावेत, याला आमचा विरोध आहे. एक तर काट्यावर येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांच्या कंपन्या अनेक, मॉडेले अनेक, आणि प्रत्येकाच्या पाईपाचा बाक वेगळा. निम्मा माल मापाचा नाही म्हणून कपाटात पडून राहील. दुसरे म्हणजे उधारी फुकट नसते. ती बिलातून कापली जाते तेव्हा लहान गाडीवाल्याच्या हातात येणारी रक्कम तेवढी कमी होते, आणि गरज नसलेल्या मालासाठी ती का कमी व्हावी? त्याऐवजी स्टोअरने चांगल्या क्लिपा, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर आणि आपल्या भागात जास्त चालणाऱ्या चार-पाच मॉडेलांचे वरचे-खालचे काळे पाईप ठेवावेत, रोखीने किंवा उधारीने, ज्याला हवे त्याला. टर्बोवाल्यांची नावे आधी घेऊन तेवढेच सिलिकॉनचे पाईप मागवावेत. आणि रात्रपाळीला स्टोअरची एक खिडकी उघडी असावी. आमचा पाईप फुटला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

दुसरी सूचना थोडी कडू लागेल. वाहतुकीचा करार करताना आज गाडीची कागदपत्रे बघतात, ट्रॉलीचे लाल रिफ्लेक्टर बघतात. ते बघितलेच पाहिजेत, कारण अंधारात रस्त्यात उभी राहिलेली उसाची ट्रॉली माणसांचा जीव घेते. पण ती ट्रॉली रस्त्यात उभी का राहते, तेही बघा की! करारापूर्वी प्रत्येक गाडीचे बॉनेट उघडून पाईप, क्लिपा, फॅनचा पट्टा आणि झाकण ही चार ठिकाणे कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या फिटरने तपासावीत. एका गाडीला दहा मिनिटे पुरतात. ज्या गाडीचे पाईप गेलेले असतील तिला बदलून आल्याशिवाय पहिली चिठ्ठी देऊ नये. गाडीवाले सभासद म्हणतील, आमच्यामागे हे आणखी एक झेंगट कशाला? आम्ही गाडीवालेच आहोत, आणि आमच्याच गाडीपासून सुरुवात करावी, असे आम्ही लिहून देतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांचा ऊस दुसऱ्याच्या गाडीतून येतो अशा सभासदांनी त्या दिवशी जरूर बोलावे, कारण वाटेत वाळणारा ऊस त्यांचा असतो.

आमचा तो फाटलेला काळा पाईप आम्ही टाकून दिलेला नाही. उभा चिरून शेतकी ऑफिसच्या व्हरांड्यात, सूचनाफलकाखाली खिळ्याला अडकवला आहे. बाहेरून बघाल तर अजून चकचकीत आहे. आतून बोट फिरवून बघावे.